‘स्टॉल’ : संज्ञा, घटना आणि संकेत

विमानविद्येतील ‘स्टॉल’ ही संज्ञा मराठी वाचकाच्या कानी पडते ती बहुधा एखाद्या अपघाताच्या वृत्तान्तातून, आणि तिचा अर्थ तो ‘इंजिन बंद पडणे’ असा करतो. हा अर्थ घटनेला सर्वस्वी सोडून आहे. इंजिने पूर्ण शक्तीने चालू असतानाही विमान स्टॉलमध्ये जाऊ शकते. उलटपक्षी, सर्व इंजिने थांबलेली असतानाही ते स्टॉलमध्ये न जाता दीर्घकाळ तरंगत खाली येऊ शकते. शब्द परिचयाचा असल्याने निर्माण झालेला हा गैरसमज केवळ वाचकापुरता राहता तर त्याची चर्चा कोशकारांवर सोपविता आली असती. परंतु जेट प्रवासी विमानांत स्टॉलपासून संरक्षण देण्यासाठी जी साधने योजिलेली असतात, ती मुळात संकेतांची साधने आहेत. आणि त्या संकेतांचा अर्थ लावण्यात जेव्हा अंतर पडले, तेव्हा माणसे प्राणांस मुकली आहेत. यास्तव या विषयाचा विचार वायुगतिकीबरोबरच अर्थविचाराच्या अंगानेही करणे उपयुक्त ठरेल.

१. संज्ञेचा इतिहास

इंग्रजीतील ‘स्टॉल’ या शब्दाचा जुना अर्थ उभे राहण्याची जागा, विशेषतः गोठ्यात वा तबेल्यात जनावर उभे करण्याची जागा, असा आहे. मराठीतील ‘ठाण’ हा शब्द अर्थाने त्याच्या अगदी जवळचा होय. ‘ठाण मांडणे’ या वाक्प्रचारात जशी स्थानावरून न हलण्याची छटा आली, तशीच इंग्रजी क्रियापदातही अडून राहण्याची, पुढे न सरण्याची छटा आली, आणि पुढे ती बंद पडलेल्या मोटारीच्या इंजिनास लागू झाली. पुस्तकांचा वा चहाचा ‘स्टॉल’ हा मराठीत रुळलेला शब्दही त्याच मूळ अर्थाची दुसरी शाखा आहे. विमानाच्या संदर्भात ही संज्ञा वापरताना इंग्रजीने केवळ परिणामाकडे पाहिले आहे. कारणाचा तिच्यात निर्देश नाही.

इतर भाषांची दृष्टी निराळी आहे. जर्मन भाषेत या घटनेस ‘श्ट्रोमुंग्सआब्रिस’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ प्रवाह तुटणे असा होतो. फ्रेंच ‘देक्रोशाज’ या संज्ञेत आकड्यावर अडकविलेली वस्तू सुटण्याची कल्पना आहे. एक भाषा थांबण्याकडे, दुसरी तुटण्याकडे, तर तिसरी सुटण्याकडे बोट दाखविते. यांपैकी जर्मन संज्ञा कारणास सर्वांत जवळून स्पर्श करते, हे पुढील विवेचनावरून लक्षात येईल.

२. घटनेचे स्वरूप

छत्रपती संभाजीनगरहून चितेगावमार्गे पैठणकडे जाणाऱ्या एस. टी.च्या खिडकीबाहेर कोणी तळहात आडवा धरला आहे अशी कल्पना करावी. (कृती धोक्याची असल्याने ती कल्पनेतच राहावी.) तळहाताची पुढची कड किंचित वर केली की हात वर उचलला जातो. कड आणखी वर केली की उचल वाढते. मात्र एका मर्यादेनंतर हात वर जाण्याऐवजी मागे ढकलला जातो व थरथरू लागतो. विमानाच्या पंखाचे वर्तन तत्त्वतः असेच असते.

पंखाची पुढची व मागची कड जोडणारी रेषा आणि समोरून येणारा हवेचा ओघ यांमधील कोनास ‘आपात कोन’ म्हणू. हा कोन वाढत जातो तशी पंखास वर उचलणारी प्रेरणा जवळजवळ समप्रमाणात वाढते. पंखाच्या पाठीवर सर्वांत कमी दाब पुढच्या कडेजवळ असतो. तेथून मागच्या कडेकडे जाताना हवेला वाढत्या दाबाविरुद्ध वाटचाल करावी लागते, जणू एक चढ चढावा लागतो. पृष्ठभागास लगटून वाहणारा हवेचा पातळ थर, ज्यास सीमा स्तर म्हणतात, तो घर्षणाने आधीच मंदावलेला असतो. कोन वाढला की चढ अधिक उभा होतो. अखेर साध्या पंखाच्या बाबतीत साधारणतः पंधरा अंशांच्या आसपास हा थर चढ पार करू शकत नाही. तो पृष्ठभागापासून सुटतो आणि त्याच्या जागी भोवऱ्यांनी भरलेला अस्ताव्यस्त प्रवाह येतो. उचलणारी प्रेरणा घटते, मागे ओढणारी प्रेरणा एकदम वाढते. हाच स्टॉल होय.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. पहिली अशी की, आपात कोन म्हणजे विमानाच्या नाकाचा क्षितिजाशी होणारा कोन नव्हे. नाक क्षितिजसमांतर असूनही विमान वेगाने खाली येत असेल तर हवेचा ओघ खालून येतो आणि आपात कोन फार मोठा असतो. दुसरी अशी की, स्टॉल हा कोनाचा परिणाम आहे, वेगाचा नव्हे. कोणत्याही वेगात आणि कोणत्याही स्थितीत मर्यादेपलीकडचा कोन झाला की प्रवाह सुटतो. यामुळेच त्यावरील उपायही तत्त्वतः एकच आहे : नाक खाली करून कोन कमी करणे. जमीन जवळ असताना हा उपाय मनुष्याच्या सहजप्रवृत्तीच्या नेमका विरुद्ध जातो, हीच या विषयातील मूळ अडचण आहे.

३. वेग : कोनाचे अप्रत्यक्ष लक्षण

असे असूनही वैमानिक स्टॉलचा विचार प्रामुख्याने वेगाच्या भाषेत करतो. याचे कारण व्यावहारिक आहे. बहुसंख्य प्रवासी विमानांत आपात कोन दर्शविणारी तबकडी वैमानिकापुढे नसते. वेगमापक मात्र नेहमीच असतो. सरळ व समतल उड्डाणात, वजन ठाऊक असेल तर, वेग जितका कमी तितका कोन मोठा ठेवावा लागतो. म्हणून त्या वजनास ज्या वेगाला मर्यादेचा कोन गाठला जाईल त्यास ‘स्टॉल वेग’ म्हणतात आणि त्यावर राखीव अंतर ठेवून बाकीचे वेग ठरवितात. उतरताना स्टॉल वेगाच्या १.३ पट वेग ठेवावा हा जुना दंडक. स्टॉल वेग मोजण्याची पद्धत बदलल्यावर तोच दंडक १.२३ पट असा मांडला जाऊ लागला. उड्डाणानंतरच्या प्रथम चढाईचा सुरक्षित वेगही अशाच गुणोत्तराने निश्चित होतो, आणि धावपट्टीवर नाक कोणत्या वेगाला उचलावयाचे हे ठरविताना याच हिशेबाचा आधार घेतला जातो.

मराठवाड्यास या हिशेबाचे महत्त्व एका दुःखद प्रसंगातून कळले आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी तेव्हाच्या औरंगाबाद शहरातील चिकलठाणा विमानतळावरून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान धावपट्टी संपल्यावर बीड रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकले, पुढे विजेच्या तारांना लागले आणि कोसळले. विमानात ११८ माणसे होती. त्यांपैकी ५५ मृत्यू पावली. चौकशीत दोन कारणे नोंदली गेली : नाक उचलण्यास झालेला विलंब व त्याची सदोष पद्धत, आणि उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरील वाहतूक नियंत्रित न करणे. हा स्टॉलचा अपघात नव्हता. तथापि नाक उचलण्याचा क्षण दोन्ही बाजूंनी किती बांधलेला असतो हे त्यावरून दिसते. नाक फार लवकर उचलावे तर पंख मर्यादेच्या कोनाजवळ जातो व ओढ वाढून वेगवृद्धी खुंटते. उशिरा उचलावे तर धावपट्टी संपते. हवा तापलेली असेल तर तिची घनता कमी असते आणि तोच हिशेब पुरा होण्यास अधिक लांबी लागते.

वेग हे कोनाचे लक्षण असले तरी ते सोपाधिक आहे, म्हणजे काही अटींवरच खरे आहे. विमान साठ अंशांनी कलून समतल वळण घेत असेल तर पंखांना दुप्पट भार पेलावा लागतो आणि स्टॉल वेग सुमारे १.४१ पट होतो. पंखावर बर्फ साचला, फ्लॅप मिटले, वा वजनाचा अंदाज चुकला, की लक्षण आणि लक्ष्य यांची फारकत होते. अग्नी दिसला की धूर आहे असे म्हणताना ओल्या सर्पणाची उपाधी आपल्या नैयायिकांनी नोंदली होती, तशीच ही गोष्ट आहे.

४. जेट विमानांतील विशेष

जेट प्रवासी विमानाचे पंख वेगाच्या सोयीसाठी मागे झुकलेले असतात. अशा पंखावर सीमा स्तर टोकांकडे सरकत जातो, तेथे जाड होतो, आणि विशेष तजवीज न केल्यास टोके प्रथम स्टॉल होतात. टोके गुरुत्वमध्याच्या मागे असल्याने तेथील उचल गेली की नाक आपोआप वर जाते आणि स्टॉल अधिक खोल होतो. यावर पंखाला टोकाकडे पीळ देणे, पृष्ठभागावर उभ्या पट्ट्या बसविणे आणि पुढच्या कडेस सरकणाऱ्या स्लॅट बसविणे असे उपाय केले जातात. झाडावर उतरणारी घार पंखाच्या पुढच्या सांध्याजवळचा पिसांचा लहान झुपका उचलून धरते, तेव्हा ती स्लॅटचेच काम साधत असते.

शेपटीचा आडवा पंख उभ्या पंखाच्या माथ्यावर बसविलेल्या विमानांत आणखी एक संकट असते. खोल स्टॉलमध्ये मुख्य पंखाचा विस्कळीत प्रवाह नेमका शेपटीवर येतो आणि नाक खाली करणारे साधनच निकामी होते. २२ ऑक्टोबर १९६३ रोजी इंग्लंडमध्ये बीएसी वन-इलेव्हन या विमानाचा पहिला नमुना चाचणीच्या वेळी असाच कोसळला आणि त्यावरील सातही जण मृत्यू पावले. अशा विमानांत स्टॉल होऊ देऊन मग सोडविणे शक्य नसल्याने तो होण्यापूर्वीच रोखणे अपरिहार्य ठरले.

५. संकेतांच्या तीन पायऱ्या

अमेरिकन तत्त्वचिंतक चार्ल्स सँडर्स पर्स याने चिन्हांचे जे भेद केले, त्यांतील दोन येथे उपयोगी पडतात. जे चिन्ह वस्तूशी कार्यकारणाने जोडलेले असते ते निर्देशक, आणि जे केवळ रूढीने अर्थ दर्शविते ते सांकेतिक.

स्टॉलचे सर्वांत जुने चिन्ह निर्देशक आहे. पंखावरून सुटलेला प्रवाह शेपटीवर आदळतो, शेपटी थरथरते आणि तारांनी जोडलेल्या दांड्यातून ती थरथर वैमानिकाच्या हातास जाणवते. मोठ्या जेट विमानांत नियंत्रक पृष्ठभाग द्रवदाबाच्या यंत्रणेने हलविले जाऊ लागले आणि हे नैसर्गिक चिन्ह क्षीण झाले. तेव्हा त्याची प्रतिकृती तयार करण्यात आली. नाकाच्या दोन्ही बाजूंस वाऱ्याच्या दिशेने फिरणारी लहान पाती बसविली जातात. ती आपात कोन मोजतात. कोन मर्यादेजवळ येताच एक मोटर विषमभार चाक फिरवून दांडा खडखडा हलविते. यास ‘स्टिक शेकर’ म्हणतात. ज्याने पूर्वीची विमाने चालविली त्याच्या हाताला हा संकेत शिकवावा लागत नव्हता.

दुसरी पायरी ‘स्टिक पुशर’ची. येथे यंत्र सुचवीत नाही. दांडा स्वतःच पुढे ढकलून नाक खाली करते. परंतु येथेही वाचकाची भूमिका संपत नाही. १८ जून १९७२ रोजी लंडनजवळ स्टेन्स येथे कोसळलेल्या ट्रायडंट विमानात पंखाच्या पुढच्या कडेचे पृष्ठभाग वेळेपूर्वी मिटले गेले होते. शेकर व पुशर दोन्ही कार्यान्वित झाले, आणि वैमानिककक्षातून ती यंत्रणाच बंद करण्यात आली. विमानातील सर्व ११८ जण मृत्युमुखी पडले.

तिसरी पायरी १९८८ साली सेवेत आलेल्या एअरबस ए-३२० पासून प्रवासी विमानांत रूढ झाली. येथे वैमानिकाचा दांडा पृष्ठभागांशी थेट जोडलेला नसून संगणकास आपली इच्छा कळवितो. सामान्य अवस्थेत दांडा पूर्ण मागे खेचला तरी संगणक ठरावीक महत्तम कोनापलीकडे नाक जाऊ देत नाही; आणि त्याआधीच्या एका उंबरठ्यावर तो इंजिनांना पूर्ण शक्तीचा आदेश देतो. या दुसऱ्या तरतुदीस ‘अल्फा फ्लोअर’ असे नाव आहे. ही अवस्था टिकण्यास लागणारी माहिती खंडित झाली तर संरक्षण मागे घेतले जाते आणि ‘स्टॉल’ हा उच्चारित शब्द इशारा म्हणून उरतो. हाताला जाणवणाऱ्या कंपापासून कानाला ऐकू येणाऱ्या शब्दापर्यंत, म्हणजे निर्देशकाकडून सांकेतिकाकडे, असा हा प्रवास आहे.

६. पाटणा, २००० : संकेत ऐकला, वाक्य निराळे

१७ जुलै २००० रोजी अलायन्स एअरचे बोइंग ७३७ विमान पाटणा येथे उतरताना वस्तीवर कोसळले. विमानातील ५५ व जमिनीवरील ५ अशी ६० माणसे मृत्यू पावली. चौकशीनुसार विमान उतरण्याच्या मार्गावर योग्य उंचीपेक्षा वर होते. इंजिने मंद ठेवण्यात आली, वेग घटू दिला गेला, नाक वर असताना विमान झपाट्याने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस कलविले गेले, आणि शेकर सुरू झाला. म्हणजे संकेत वेळेवर मिळाला होता. परंतु वैमानिकांनी स्टॉल टाळण्याच्या कृतीऐवजी ‘गो-अराउंड’ची, म्हणजे उतरणे रद्द करून पुन्हा वर चढण्याची, कृती आरंभिली. या दुसऱ्या कृतीत नाक वर करणे व फ्लॅप कमी करणे अंतर्भूत आहे. आणि स्टॉलच्या उंबरठ्यावर नेमकी हीच दोन कामे घातक होत.

शेकरचा आशय ‘काही तरी बिघडले आहे, येथून निघा’ इतकाच घेतला तर गो-अराउंड हे त्याचे योग्य उत्तर वाटते. ‘कोन कमी करा’ हा त्याचा खरा आशय घेतला तर ते नेमके उलटे उत्तर ठरते. संकेताची जाणीव होणे आणि त्याचा अर्थबोध होणे या दोन भिन्न क्रिया आहेत, एवढे या घटनेवरून स्पष्ट व्हावे.

७. मुंबई–बंगळूर, १९९० : एकच अंक, दोन अर्थ

१४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० विमान बंगळूर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या विमानतळावर उतरताना धावपट्टीच्या अलीकडेच गोल्फच्या मैदानावर टेकले आणि पुढील बांधावर आदळले. विमानातील १४६ जणांपैकी ९२ जण मृत्यू पावले. विमान अवघे काही आठवड्यांचे होते, हवा स्वच्छ होती आणि यंत्रात दोष आढळला नाही.

चौकशीतून जे चित्र पुढे आले ते असे. शेवटच्या टप्प्यात विमान अशा स्वयंचलित पद्धतीत होते की जीत इंजिने मंदगतीवर राहतात. अपेक्षित वेगापेक्षा वेग सुमारे पंचवीस नॉटांनी घटला, तरी मंदगतीची जाणीव वेळेवर झाली नाही. विमान या पद्धतीत कसे गेले याचा संभाव्य खुलासा विशेष लक्षणीय आहे. मिनिटास ७०० फूट या दराने उतरावे असा हेतू होता. मात्र दराच्या बटणाऐवजी शेजारचे उंचीचे बटण फिरविले गेले असावे, आणि संगणकाने ‘७००’ हा आकडा समुद्रसपाटीपासूनची ७०० फूट उंची असा घेतला असावा. बंगळूरची भूमीच समुद्रसपाटीपासून सुमारे २,९०० फूट उंच असल्याने हे उद्दिष्ट जमिनीच्या खाली पडत होते.

संस्कृत अर्थविचारात ‘सैंधव आण’ हे उदाहरण प्रसिद्ध आहे. भोजनप्रसंगी त्याचा अर्थ मीठ, प्रवासास निघताना घोडा. अर्थनिश्चय प्रकरणाने, म्हणजे संदर्भाने, होतो. माणसांच्या संभाषणात ऐकणारा संदर्भ जाणून शंका विचारतो. यंत्राने मात्र कोणते बटण फिरविले एवढाच संदर्भ पाहिला, आणि जमिनीखालची उंची अर्थहीन आहे अशी शंका काढली नाही.

संरक्षण यंत्रणेचे काय झाले? अल्फा फ्लोअर कार्यान्वित झाला, पण अखेरच्या काही सेकंदांत. मंदगतीवरील जेट इंजिनास पूर्ण शक्ती गाठण्यास सहा ते आठ सेकंद लागू शकतात, आणि तेवढा अवकाश उरला नव्हता. पंख मर्यादेच्या कोनापलीकडे जाऊ न देणे हे त्या यंत्रणेचे काम. जमीन किती जवळ आहे हा विचार त्या कामाच्या व्याख्येतच नाही. ‘हे विमान स्टॉल होऊ शकत नाही’ या विधानातून ‘हे विमान पडू शकत नाही’ असा अर्थ ध्वनित होत असेल तर तो वाच्यार्थ नव्हे, एवढे विवेकाने सांगावे लागते.

८. मौन आणि आभास

संकेत मिळणे व त्याचा अर्थ लावणे यांपलीकडे आणखी दोन प्रश्न उरतात : संकेत थांबला तर काय समजावे, आणि संकेतच खोटा असेल तर काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अटलांटिक महासागरावर मिळाले. १ जून २००९ रोजी रिओ द जानेरोहून पॅरिसला जाणाऱ्या एअर फ्रान्सच्या ए-३३० विमानाच्या वेगमापक नळ्या बर्फाने बुजल्या. स्वयंचालक सुटला, कोनाचे संरक्षण मागे घेतले गेले, आणि नाक वर खेचले गेल्याने विमान सुमारे ३८,००० फुटांवर स्टॉलमध्ये गेले. ‘स्टॉल’ हा इशारा सलग ५४ सेकंद घुमत राहिला. पुढे वेगमापकावरील वेग ६० नॉटांखाली गेला. इतक्या कमी वेगात कोनाची मापे अविश्वसनीय मानावीत अशी योजना असल्याने इशारा बंद झाला. त्यानंतर नाक खाली केले की वेग वाढून इशारा पुन्हा सुरू होई, आणि वर खेचले की थांबे. म्हणजे योग्य कृतीस ओरड आणि अयोग्य कृतीस शांतता, असा संकेताचा अर्थ प्रत्यक्षात उलटा झाला. २२८ माणसे या अपघातात गेली.

भाट्ट मीमांसकांनी व वेदान्त्यांनी ‘अनुपलब्धि’ हे स्वतंत्र प्रमाण मानले, परंतु त्यास योग्यतेची अट घातली. वस्तू असती तर दिसलीच असती अशी परिस्थिती असेल, तरच तिचे न दिसणे तिच्या अभावाचे प्रमाण ठरते. अंधारात घट दिसला नाही म्हणून घट नाही असे म्हणता येत नाही. साठ नॉटांखालील शांतता ही अशी अंधारातील शांतता होती. कक्षातील माणसांना मात्र ती उजेडातील वाटण्याचा संभव होता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याहून अलीकडचे आहे. बोइंग ७३७ मॅक्स या विमानात मोठ्या कोनास नाक खाली आणणारी एक स्वयंचलित योजना होती आणि ती एका वेळी एकाच कोनमापक पात्यावर विसंबून होती. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात व १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात पात्याने चुकीचा कोन दर्शविला, योजनेने धडधाकट उडणाऱ्या विमानाचे नाक पुन्हा पुन्हा खाली ढकलले, आणि दोन्ही मिळून ३४६ माणसे मृत्यू पावली. वाफ पाहून ती धूर समजणे आणि त्यावरून अग्नीचे अनुमान करणे, या हेत्वाभासाचेच हे यांत्रिक रूप होय. पुढील सुधारणेत दोन पात्यांची मापे ताडून पाहण्याची व त्यांत अंतर आढळल्यास योजना निष्क्रिय ठेवण्याची तरतूद करण्यात आली.

९. क्रमाचा प्रश्न

या अनुभवांमुळे यंत्रांइतकाच शिकवणुकीत बदल झाला. पूर्वी स्टॉलचा इशारा मिळताच पूर्ण शक्ती देणे आणि शक्य तितकी कमी उंची गमावणे यावर अभ्यासात भर असे. अशाने नाक खाली करण्यास वैमानिक कचरत; शिवाय पंखाखाली इंजिने असलेल्या विमानात एकदम पूर्ण शक्ती दिली की नाक वर जाऊ पाहते. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने २०१२ साली प्रसृत केलेल्या मार्गदर्शनात आणि विमान-निर्मात्यांनी मान्य केलेल्या नव्या पद्धतीत क्रम बदलला : प्रथम नाक खाली करून आपात कोन कमी करावयाचा, मग पंख समतल करावयाचे, मग आवश्यक तेवढी शक्ती द्यावयाची. उंची गमावली जाईल हे गृहीत धरावयाचे. आज्ञार्थी वाक्ये बहुतांशी तीच राहिली. त्यांचा क्रम बदलला, आणि त्याबरोबर त्यांचा अर्थही.

मराठी परिभाषेच्या दृष्टीने यातून एक निष्कर्ष काढता येतो. वैमानिककक्षातील शब्द हा आज्ञेसारखा असतो; तो लहान, अचूक ऐकू येणारा व जगभर एकच असावा लागतो. तेथे ‘स्टॉल’ हाच शब्द राहणे इष्ट. अध्यापनात व लेखनात मात्र शब्दाचे काम कारण सुचविण्याचे आहे, आणि तेथे ‘प्रवाहविच्छेद’ यासारखी संज्ञा अधिक उपकारक ठरेल. ती ऐकणारा इंजिनाकडे न पाहता पंखाकडे पाहील, आणि प्रवाह पुन्हा जोडावयाचा तर कोन कमी करावा लागेल हे तिच्यातूनच त्यास सुचू शकेल. दोन्ही शब्द आपापल्या जागी असावेत. एकाने दुसऱ्याचे काम करावे अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.